सोय कुणाची, झळ कुणाला

आई दादरला, मी ऐरोलीच्या ऑफिसात. गेल्या वर्षी तिच्या रक्ताच्या तपासण्या करायच्या होत्या. जवळच्याच एका लॅबचा मुलगा सकाळी घरी येऊन रक्त घेऊन गेला आणि संध्याकाळी तिच्या मोबाइलवर रिपोर्टची लिंक आली. मेसेज मला पाठव म्हटलं तर तिला ते जमेना. शेवटी तिने लँडलाइनवरून फोन लावला आणि मोबाइलमधली लिंक मला एकेक अक्षर वाचून दाखवली. मी ती लॅपटॉपवर टाइप करत गेलो. शेवटी सहा आकडे होते. त्यातला शेवटचा तिने चुकीचा वाचला की मी चुकीचा ऐकला, कोण जाणे. रिपोर्ट उघडला तो दुसऱ्याच एका बाईंचा.

बासष्ट वर्षांच्या बाई. पूर्ण नाव, मोबाइल नंबर, पाठवणाऱ्या डॉक्टरांचं नाव, थायरॉइड, साखर, आणि खाली अशी एक तपासणी, जी माणूस घरातसुद्धा सगळ्यांना सांगत नाही. पासवर्ड नाही, ओटीपी नाही. मी खिडकी बंद केली. पण वाचलेलं वाचून झालं होतं.

लॅबला फोन केला. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "पण सर, तुमचा रिपोर्ट मिळाला ना?" असे तीन-चार फोन झाल्यावर ज्याने ते सॉफ्टवेअर लिहिलं होतं, त्याच्यापर्यंत पोचलो. चांगला, नीट बोलणारा मुलगा. म्हणाला, "दादा, आधी पासवर्ड ठेवला होता. वयस्कर पेशंट फोन करून करून हैराण करायचे, म्हणून काढून टाकला. पेशंटची सोय बघायला लागते ना."

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि या सॉफ्टवेअरच्या धंद्यात वीस वर्षं काढल्यावर सांगतो, आपल्या सगळ्यांनाच तसं वाटतं. पण त्या लिंककडे जरा नीट बघू. पासवर्ड काढल्याने पेशंटची सोय झाली, हे घटकाभर धरून चालू. मग शेवटचे आकडे ओळीने का होते? चार लाख बारा हजार अमुक नंतर चार लाख बारा हजार तमुक, हे कुठल्या पेशंटच्या सोयीसाठी? पेशंट लिंकवर एकदा बोट ठेवतो. तिच्या शेवटी सहा आकडे असोत की तीस अक्षरांचा गोंधळ, त्याला काही फरक पडत नाही. फरक पडतो तो लिहिणाऱ्याला. डेटाबेसच्या टेबलात अनुक्रमांक आयता पडलेला होता, तोच उचलून लिंकला चिकटवला, काम झालं. मागणाऱ्याला हा रिपोर्ट बघायचा अधिकार आहे का, हे सर्व्हरने तपासायचं तर आणखी दोन दिवस गेले असते. ती सोय आमच्या मुलाची होती. त्यापायी उघड्यावर पडल्या त्या बाई, आणि त्यांना यातलं कुणी काही विचारलं नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच आहे आणि ते मी अगदी मनापासून मांडतो आहे. सॉफ्टवेअर लिहिणारा जेव्हा सुरक्षितता सोडून सोय निवडतो, तेव्हा ती सोय बहुतेक वेळा त्याची स्वतःची असते आणि झळ बसते ती तिसऱ्याच माणसाला. आपल्या पैशाने आपण जोखीम घेतली तर तो आपला प्रश्न. दुसऱ्याच्या पैशाने, दुसऱ्याच्या आजाराच्या कागदांनी, दुसऱ्याच्या आधार नंबराने जोखीम घ्यायचा हक्क आपल्याला कुणी दिलेला नाही.

या सोयी दिसतात कशा, ते आमच्यातल्या कुणालाही विचारा. समोरचा सर्व्हर खरा आहे ना हे बघणारी सर्टिफिकेटची तपासणी टेस्टिंगमध्ये अडवत होती म्हणून बंद केली आणि ती ओळ तशीच प्रॉडक्शनला, म्हणजे लोक वापरतात त्या प्रणालीत गेली. डेटाबेसचा पासवर्ड थेट कोडमध्ये लिहिला, कारण तो बाहेर नीट ठेवायची व्यवस्था लावायला अर्धा दिवस लागला असता. सगळ्यांना अ‍ॅडमिनचे अधिकार दिले, कारण कुणाला नेमकं काय लागतं हे ठरवत बसायला वेळ नव्हता. लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम चालताना ठेवतो त्या नोंदींत, येईल ते सगळं ओतलं. ट्विटरने मे २०१८ मध्ये तेहतीस कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलायला सांगितलं, ते पासवर्ड त्यांच्याच आतल्या लॉगमध्ये उघडे लिहिले जात होते म्हणून. यातली जवळपास प्रत्येक गोष्ट मीही कधी ना कधी केलेली आहे. प्रत्येक वेळी शेजारी 'तात्पुरतं' अशी टीप लिहिली आणि प्रत्येक वेळी ती खरीच वाटली. एका जुन्या प्रणालीत माझ्याच हातची अशी टीप मला सहा वर्षांनी सापडली. त्या सहा वर्षांत त्या प्रणालीतून किती लोकांचे व्यवहार गेले असतील, याचा हिशेब करायला घेतला आणि अर्ध्यावर सोडून दिला.

सोयीचं पुढे काय होतं, याचं सगळ्यात मोठं उदाहरण लॉगफोरजे. जावात लिहिलेल्या प्रोग्रॅमांनी नोंदी ठेवायला वापरायची ही फुकट मिळणारी लायब्ररी, म्हणजे आपल्या प्रोग्रॅमात जोडायचा तयार कोड, जगभर, बँकांपासून खेळांपर्यंत पसरलेली होती. २०१३ मध्ये कुणीतरी तिच्यात एक भर सुचवली: सेटिंग्जमधली माहिती जेएनडीआय या, नावावरून दुसरीकडची माहिती शोधून आणणाऱ्या यंत्रणेतून परस्पर आणता आली तर सोयीचं होईल. भर पडली आणि ती मुळातच चालू अवस्थेत राहिली. तिचा अर्थ असा निघाला, की नोंदीत लिहिल्या जाणाऱ्या मजकुरात एक विशिष्ट रचना घातली की लायब्ररी स्वतः उठून बाहेरच्या सर्व्हरकडे जाते आणि तिथून आलेला कोड चालवू शकते. नोंदीत काय लिहिलं जातं? लॉगिनच्या चौकटीत कुणी काय टाइप केलं, ब्राउझरने आपलं नाव काय सांगितलं. म्हणजे रस्त्यावरच्या कुणीही दाराबाहेरून पुटपुटावं आणि घरातल्या माणसाने ते हुकूम म्हणून पाळावं. आठ वर्षं ते तसंच होतं. डिसेंबर २०२१ मध्ये गोष्ट बाहेर आली. त्या शनिवार-रविवारी आम्ही अकरा जण ऑफिसात बसून एकाच प्रश्नाचं उत्तर शोधत होतो: आपल्या कुठल्या कुठल्या प्रणालीत ही लायब्ररी आहे? कुणालाच सांगता येईना. कारण ती आम्ही आणलीच नव्हती. आम्ही आणलेल्या लायब्रऱ्यांनी आणलेल्या लायब्रऱ्यांबरोबर ती आली होती. एका आज्ञेने शंभर पॅकेजं उतरवून घेणं सोयीचं असतं. आत काय आलं हे बघणं सोयीचं नसतं.

इक्विफॅक्सचं प्रकरण मला याहून जास्त छळतं. अमेरिकेतली ही कंपनी लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवते, आपल्याकडे सिबिल ठेवतं तशाच. मार्च २०१७ मध्ये अपाचे स्ट्रट्स या सॉफ्टवेअरमधली फट जाहीर झाली, बुजवणारा पॅचही त्याच वेळी आला. इक्विफॅक्सच्या एका पोर्टलवर तो लावायचा राहिला. मे महिन्यात चोर आत शिरले आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती घेऊन गेले. हे लोक बहुतांशी त्या कंपनीचे ग्राहक नव्हते. त्यांनी तिथे खातं उघडलं नव्हतं, कुठल्या अटींवर टिचकी मारली नव्हती. त्यांनी कधीतरी कुठेतरी कर्ज घेतलं होतं, बस. लॅबमधल्या त्या बाईंनी निदान रक्त तरी आपणहून दिलं होतं.

आता जरा घरची गोष्ट सांगतो, कारण सुरक्षितता म्हणजे काय हे मी कॉलेजात नाही, घरी शिकलो.

बाबा मध्य रेल्वेत सिग्नल मेंटेनर होते. लोकल मधेच थांबली, 'सिग्नल फेल' असं डब्यात कुणी म्हणालं, की लोक रेल्वेला शिव्या घालतात. लहानपणी मलाही बाबांच्या खात्याची लाज वाटायची. मग एकदा त्यांनी मला वहीच्या पानावर ट्रॅक सर्किट काढून दाखवलं. रुळांचा एक तुकडा बाकीच्या रुळांपासून इन्सुलेशनने वेगळा काढलेला. एका टोकाला त्यात थोडासा विद्युतप्रवाह सोडायचा, दुसऱ्या टोकाला रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच. प्रवाह पोचत असेल तर रिले उचललेला राहतो आणि मगच सिग्नल पुढे जा म्हणू शकतो. गाडी आली की चाकं आणि आस दोन्ही रूळ जोडतात, प्रवाह मधूनच फिरतो, रिले पडतो, सिग्नल लाल. १८७२ मध्ये विल्यम रॉबिन्सन नावाच्या अमेरिकन माणसाने याचं पेटंट घेतलं.

मग बाबांनी विचारलं, "आता वायर तुटली तर?" प्रवाह पोचणार नाही. रिले पडणार. लाल. "बॅटरी संपली तर?" लाल. "रूळच तुटला तर?" लाल. "पाणी भरलं तर?" पाण्यातून प्रवाह भलतीकडे गळतो, रिलेपर्यंत पुरेसा पोचत नाही. लाल. म्हणजे पावसाळ्यात कुर्ल्याला, शीवला लोकल खोळंबतात, तेव्हा पुष्कळदा ती यंत्रणा ठरवून दिलेलंच काम करत असते: मला खात्री नाही, म्हणून मी कुणाला पुढे सोडणार नाही. त्यांच्या खात्यात बिघाडाच्या दोन जाती, सेफ साइड आणि अनसेफ साइड. बाबा म्हणायचे, "लाल पडतोय तोवर घाबरायचं नाही. लाल पडायला हवा तिथे पिवळा दिसला, तर झोप उडते." २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या रात्री ते कुर्ल्याला अडकले आणि तिसऱ्या दिवशी घरी आले. लोकांनी त्यांना तोंडावर काय काय सुनावलं, ते त्यांनी आईला सांगितलेलं मी ऐकलं आहे. गाड्या थांबल्या याचं वाईट मात्र त्यांना वाटलेलं नव्हतं.

आणखी एक. सिग्नलच्या कुठल्याही यंत्राला हात लावण्याआधी मेंटेनरने स्टेशन मास्तरला डिस्कनेक्शन मेमो, म्हणजे यंत्र वापरातून काढतोय अशी सूचना, द्यायचा असतो. लेखी. काम झालं, तपासून झालं, की रीकनेक्शनचा मेमो. ऐन गर्दीच्या वेळी पाच मिनिटांच्या कामासाठी हे कागद करणं जिवावर येतं. गाड्या रखडतात, वरून फोन येतात, 'अरे, चटकन करून टाक ना' असं सांगणारे भेटतात. बाबा करून टाकत नसत. २ जून २०२३ ला ओडिशात बालासोरजवळ बहानगा बाजार स्टेशनात कोरोमंडल एक्सप्रेस चुकीच्या मार्गावर वळून उभ्या मालगाडीवर आदळली आणि २९० हून अधिक माणसं गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत कारण निघालं ते सिग्नलच्या सर्किटमध्ये बदल करताना राहिलेल्या त्रुटींचं. ती बातमी बाबांनी दोनदा वाचली, चश्मा काढला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

गेल्या महिन्यात आमच्या टीममधल्या एका मुलीचा कोड माझ्याकडे रिव्ह्यूला आला. पैसे पाठवण्याआधी आमची प्रणाली परवानगी देणाऱ्या दुसऱ्या एका सेवेला विचारते, या माणसाला एवढी रक्कम पाठवायचा अधिकार आहे का. ती सेवा अधूनमधून वेळेवर उत्तर देत नव्हती आणि ग्राहकांच्या तक्रारी येत होत्या. त्या मुलीने लिहिलं होतं: तीन सेकंदांत उत्तर आलं नाही, तर 'हो' समजा. सगळ्या टेस्ट हिरव्या. डेमो झकास झाला असता.

मी तिला वहीच्या पानावर तेच सर्किट काढून दाखवलं. ती लगेच समजली, आणि तिचा प्रश्न रास्त होता: "पण मग युजर अडकेल त्याचं काय?" अडकेल. तीन सेकंद, कदाचित तीस. त्याला स्पष्ट सांगू की आत्ता होत नाही, पैसे गेलेले नाहीत, थोड्या वेळाने बघा. पण ज्याला दार उघडायचं आहे त्याने ती दुसरी सेवा मुद्दाम गुदमरवली, तर तिच्या त्या ओळीने त्याच्यासाठी सगळीच दारं उघडली असती. जेरोम साल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी संगणकातल्या माहितीच्या संरक्षणावर १९७५ मध्ये लिहिलेल्या निबंधात हे तत्त्व स्वच्छ मांडलेलं आहे: मुळात नकार असावा, परवानगी असेल तेवढंच उघडावं. पन्नास वर्षं झाली. मोंगोडीबी या डेटाबेसच्या जुन्या आवृत्त्या पासवर्डाशिवाय सुरू होत आणि कित्येक जण त्या तशाच इंटरनेटला जोडून ठेवत. शिकाऊ माणसाला दोन मिनिटांत सुरू करता आलं पाहिजे, ही सोय. जानेवारी २०१७ मध्ये असे हजारो डेटाबेस कुणीतरी पुसून टाकले आणि जागोजागी खंडणीची चिठ्ठी ठेवली.

यावर एक आक्षेप असतो आणि तो मला पूर्ण मान्य आहे. सुरक्षिततेच्या नावाखाली लोकांना छळणारेही आम्हीच. दर तीस दिवसांनी पासवर्ड बदला, एक मोठं अक्षर घाला, एक चिन्ह घाला, मागचे पाच चालणार नाहीत. मग माणूस करतो काय? पासवर्ड चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवतो. फोर्टातल्या एका कचेरीत मी एकाच भिंतीवर अशा सात चिठ्ठ्या पाहिल्या आहेत. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक ठरवणाऱ्या संस्थेने २०१७ मध्येच सांगितलं, की उगाच ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका. साल्टझर-श्रोडर यांच्या त्या यादीतही एक तत्त्व आहेच, की संरक्षण वापरायला सोपं हवं, नाहीतर लोक ते चुकीचं वापरतील. म्हणून मी जी गैरसोय सोसा म्हणतो आहे, ती आपण, लिहिणाऱ्यांनी सोसायची आहे. लॅबच्या लिंकला तीस अक्षरांचा गोंधळ लावण्यात पेशंटला काडीचाही त्रास नव्हता. पासवर्डात 'सॉल्ट' म्हणजे काही फुटकळ अक्षरं मिसळून तो हॅश करून, म्हणजे मूळ पासवर्ड परत काढता येणार नाही असं रूप देऊन ठेवण्यात, लायब्ररी वेळेवर अद्ययावत करण्यात, किल्ल्या कोडबाहेर ठेवण्यात वापरणाऱ्याला कसलाही त्रास नसतो. तो सगळा त्रास आपला आहे आणि त्याचाच आपल्याला पगार मिळतो.

आणि जिथे थोडा त्रास वापरणाऱ्यालाही द्यावा लागतो, तिथे लोक आपण समजतो त्यापेक्षा शहाणे असतात. २००९ मध्ये रिझर्व्ह बँकेने ऑनलाइन कार्ड व्यवहारांना दुसरी पडताळणी सक्तीची केली, तेव्हा व्यवहार अर्धवट राहतील, ग्राहक पळतील अशी ओरड झाली. परदेशी पेमेंट गेटवेतून व्यवहार फिरवून ही पायरी टाळण्याचे प्रकार सुरू झाले, तेही बँकेने २०१४ मध्ये थांबवले. ग्राहक पळाले का? दादरच्या फूलबाजारात पहाटे पाचला झेंडू घेणारा माणूस खांद्यावर करंडी सांभाळत यूपीआयचा पिन टाकतो आणि त्याला त्यात काही अडचण वाटत नाही.

त्याच यूपीआयमध्ये पैसे मागण्याची विनंती पाठवायची एक सोय होती. मित्राकडून जेवणाचे पैसे मागायला छान. पण भामट्यांनी ती जुनं कपाट, जुनी सायकल विकायला काढणाऱ्यांवर वापरली: "पैसे पाठवतोय, स्वीकारायला पिन टाका." माणसं पिन टाकत आणि पैसे यायच्या ऐवजी जात. आमच्या मजल्यावरचे एक निवृत्त शिक्षक असेच एकोणीस हजारांना गेले. त्यानंतर कित्येक महिने ते जिन्यात नजर चुकवत, जणू चोरी त्यांनीच केली. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने १ ऑक्टोबर २०२५ पासून माणसा-माणसांतली ही विनंती बंद केली. योग्य केलं. पण ती चौकट ज्या दिवशी कागदावर काढली गेली, त्या दिवशी टेबलाभोवतीच्या कुणीतरी विचारायला हवं होतं, की हिचा वाईट माणूस काय उपयोग करील. तो प्रश्न विचारायला पाच मिनिटं लागतात. आपल्या बैठकांत तो विचारला जात नाही, कारण विचारणारा काम अडवणारा ठरतो.

इथे दोष एकट्या प्रोग्रॅमरचा नाही, हे मी जाणतो. अंदाजपत्रकात सुरक्षिततेसाठी दिवस धरलेले नसतात आणि डेमोला ती दिसत नाही. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल अडीचशे कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे, तेव्हा मालकांचे कान थोडे टवकारतील. तरी शेवटी कीबोर्डवर बोटं आपली असतात. बाबांनाही वरून फोन येत होते.

तीन महिन्यांनी आईच्या तपासण्या पुन्हा झाल्या. संध्याकाळी तिचा फोन आला, जरा वैतागलेली. लिंक उघडली तर आता नंबर मागतायत, हे काय नवीन? मी म्हटलं, मेसेज आला असेल, त्यातले आकडे टाक. तिने टाकले, रिपोर्ट उघडला. लिंक भलीमोठी होती, वाचून दाखवण्यासारखी राहिलीच नव्हती. मी त्या मुलाला फोन करून आभार मानले आणि विचारलं, ज्यांचे रिपोर्ट इतके दिवस उघडे होते त्यांना तुम्ही कळवलंत का? तो म्हणाला, ते लॅबने ठरवायचं. लॅबला विचारलं, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, सॉफ्टवेअरवाल्यांशी बोला.